प्रतिज्ञेतील उरलेले अर्धे वाक्य: प्राथमिक शाळेत परस्पर आदर कसा शिकवावा?

पिंपळपार

शाळेत रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेत एक वाक्य आहे: ‘मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.’ पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा आज देशभरातील मुलांना पाठ असते. मात्र या वाक्याच्या पूर्वार्धासाठी आपल्या प्राथमिक शाळांनी जेवढे कष्ट घेतले, त्याच्या निम्मेही उत्तरार्धासाठी घेतलेले नाहीत, असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्वार्धाची शिकवण सर्वत्र दिसते. पाहुणे वर्गात आले की मुले उभी राहून एका सुरात नमस्कार करतात, गुरुपौर्णिमेला पाया पडतात, मोठ्यांना उलट उत्तर देत नाहीत. यात वाईट काही नाही. पण हा सगळा मान खालून वर जाणारा आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, स्वच्छतागृह धुणारे काका, अडखळत वाचणारा शेजारचा मुलगा, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन सत्राच्या अखेरीस परतलेली मुलगी, यांच्याशी कसे बोलावे, हे मुलांना कोणी शिकवते का? शिक्षकांनी मुलांशी कसे बोलावे, हा तर त्याही पुढचा प्रश्न आहे. ‘ढ’, ‘गाढवा’, ‘तुझ्या बापाने शिकवलं नाही का’ ही भाषा कानावर पडत असताना भिंतीवर ‘सौजन्यशीलता’ असे रंगवलेले असते.

त्यासाठी शाळेत वेळच नाही, असे म्हणता येत नाही. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, पसायदान हे होतेच, आणि २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचनही सुरू झाले. मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये त्याच्याही आधीपासून आहेत. त्यांतल्या वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा या दोघांचीच रोज वर्णी लागते, कारण नखे आणि गणवेश रांगेत उभे करून तपासता येतात. तपासायचीच ठरवली तर स्त्री-पुरुष समानताही तपासता येते: हजेरी घेताना सगळे मुलगे आधी आणि सगळ्या मुली नंतर का, वर्ग कोण झाडते, घंटा कोण वाजवते आणि पाहुण्यांना पाणी कोण देते, एवढे पाहिले तरी पुरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपली आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात बसायला त्यांना वेगळे गोणपाट लागे, ते शाळा झाडणारा नोकर हाताळत नसे, म्हणून रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तरी शिपाई असेल तरच पाणी मिळे, कारण नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. त्यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत प्रवेश घेतला, म्हणून तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी भाषणे चांगली होतात. त्या शाळेने त्यांना जे शिकवले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते पाण्याच्या आणि बसण्याच्या व्यवस्थेत होते, आणि शेजारच्या सवर्ण मुलांनीही तोच धडा तितक्याच नीट आत्मसात केला असणार.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की पहिली ते पाचवीत नागरी मूल्ये शिकवायची, तर शाळेच्या दिवसातील नेमक्या कोणत्या गोष्टी बदलाव्या लागतील? शिक्षकांनी आणि पालकांनी प्रत्यक्ष अनुभव लिहावेत. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ आणि ‘मोबाइलमुळे सगळे बिघडले’ या दोन विषयांसाठी इतरत्र भरपूर जागा आहे.

मुळाकाठ

लेख कळकळीचा आहे, परंतु मला दोन हरकती नोंदवायच्या आहेत.

पहिली अशी की चौथीतल्या मुलाला सलग परिच्छेद वाचता येत नसताना शाळेवर आणखी एक जबाबदारी टाकणे योग्य नाही. वाचता येणारा माणूस पुढे संविधान स्वतः वाचेल. दुसरी अशी की दुसऱ्याशी कसे वागावे, हे मूल घरात शिकते. घरी मोलकरणीला वेगळा कप असेल, तर शाळेने कितीही सांगितले तरी मूल वेगळ्या कपालाच सत्य मानणार. शिवाय शिक्षकांच्या हाती मूल्ये सोपवली म्हणजे त्यांच्या हाती त्यांची स्वतःची मतेही सोपवली, याचा विचार झालेला दिसत नाही. उद्या एखाद्या शिक्षकाला ‘आदर’ म्हणजे निमूट आज्ञापालन वाटले, तर त्याला कोण अडवणार?

खडूफळा

मी डोंगराळ तालुक्यातील द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा.

मुळाकाठ, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ नुसार अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असला पाहिजे आणि मुलाला भयमुक्त वातावरणात शिकता आले पाहिजे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींवर बंदी घातली आहे. म्हणजे मूल्ये कोणाची, हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले नाही, आणि ‘ढ’ म्हणण्याची मुभाही त्याला नाही. अंमलबजावणी किती होते, ही निराळी गोष्ट आहे.

मूळ लेखाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण शिक्षकांना हे कळत नाही, असा सूर त्यात आहे, तो मला मान्य नाही. शिक्षकाकडे जे मागितले जाते, ते तो देतो, आणि त्याच्याकडे नोंद मागितली जाते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा मुलाच्या वागण्याविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्यात, ही कल्पना उत्तम होती. आज त्या नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या गटांवर फिरतात: ‘मित्रांना मदत करतो’, ‘सर्वांशी मिळूनमिसळून वागतो’. मुलगी असेल तर ‘करते’ आणि ‘वागते’, एवढाच फरक. अशा यादीतून उतरवलेल्या नोंदीने कोणत्याही मुलाविषयी काही कळत नाही.

आता प्रत्यक्ष वर्गाविषयी. कामांची पाळी हा माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारक धडा आहे. आमच्याकडे झाडणे, फळा पुसणे, पाण्याचा पिंप भरणे, घंटा देणे, चटया झटकणे आणि ताटे मोजणे ही कामे तक्त्यावर लिहिलेली असतात, आणि दर सोमवारी नावाच्या पट्ट्या एक घर पुढे सरकतात. तक्त्यावर आम्हा दोन्ही शिक्षकांचीही नावे आहेत. हा तपशील लहान वाटेल, पण गुरुजी खराटा घेऊन अंगण झाडतात, हे पाहिल्याशिवाय झाडणे हे ‘कमी’ काम नाही, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. श्रमप्रतिष्ठेवरची बोधकथा त्यासाठी उपयोगी पडत नाही. पिंपातून पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे आहे आणि ते कोणीही घ्यावे, एवढाच नियम आहे. पूर्वी एक मोठा मुलगा सर्वांना पाणी घालत असे, आणि तो कोणाला किती उंचावरून घालतो, हे पाहणाऱ्याला गावाची रचना कळत असे.

दुसरी बाब कागदपत्रांची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता, गणवेश या योजना प्रवर्गानुसार असतात. मोफत गणवेश पूर्वी सर्व मुलींना आणि मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांना मिळे. ‘मला का नाही?’ असे सात वर्षांच्या मुलाने विचारले की त्याला उत्तर देणे अवघड होते. २०२३-२४ पासून उरलेल्या मुलग्यांनाही गणवेश देण्याचे ठरले, हे मला मूल्यशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेपेक्षा मोठे पाऊल वाटते. पण आजही ‘अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा, फॉर्म भरायचे आहेत’ असे वर्गात मोठ्याने सांगितले जाते. त्या क्षणापर्यंत जी मुले केवळ एकमेकांच्या शेजारी बसत होती, त्यांची शाळेनेच विभागणी केलेली असते. आम्ही ही यादी फक्त नावांची ठेवतो आणि पालकांना एकेक करून बोलावतो. वेळ जास्त जातो, पण जावा.

भांडण मिटवण्याची पद्धतही सांगतो. ‘आधी कोणी मारले?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याला सत्य उत्तर कधीच मिळत नाही. दोघांपैकी प्रत्येकाने आधी समोरच्याचे म्हणणे सांगायचे. समोरचा ‘हो, असेच म्हणायचे होते’ असे म्हणाला, तरच स्वतःची बाजू मांडायची. यात कधी कधी गणिताचा अर्धा तास जातो. मुळाकाठ यांना तो वाया गेला असे वाटेल, पण दुसऱ्याचे ऐकून ते आपल्या शब्दांत नेमके सांगणे, हे भाषेच्या तासाचेच काम आहे, आणि वाचन सुधारण्याशी त्याचा संबंध नाही असे मला वाटत नाही.

शेवंती

खडूफळा यांचा प्रतिसाद वाचून शहरातील शाळेची बाजूही यावी, असे वाटले. माझी मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १२ नुसार तिथे पंचवीस टक्के जागांवर दुर्बल व वंचित गटांतील मुले प्रवेश घेतात. ही मुले आणि आमची मुले एका बाकावर बसतील, हा त्या तरतुदीचा सर्वांत मौल्यवान भाग होता, असे मी समजत होते. प्रत्यक्षात पालकांच्या गटावर त्यांचा उल्लेख ‘आरटीईवाले’ असा होतो, आणि हा शब्द मुलांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. वाढदिवसाला वर्गभर वाटायच्या भेटवस्तू, सहलीचे शुल्क, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख, या तीन प्रसंगी कोण कोठला, ते सर्वांना कळते. मुलांना दयाळूपणावर प्रकल्प करायला सांगणाऱ्या शाळेला वाढदिवसाच्या भेटवस्तू बंद करायचे मात्र सुचत नाही. आम्ही काही पालकांनी ती सूचना लेखी दिली, तेव्हा ‘मुलांचा आनंद हिरावून घेऊ नये’ असे उत्तर आले.

डब्याचाही प्रश्न आहे. आमच्या शाळेत फक्त शाकाहारी डबा चालतो. कारण ‘सर्वांच्या भावनांचा आदर’ असे दिलेले आहे. ‘सर्वांच्या’ या शब्दात रोज घरी मासे किंवा अंडी खाणारी मुले धरलेली नाहीत. माझ्या मुलीच्या मैत्रिणीला आपल्या घरचे जेवण ही लपवण्याची गोष्ट आहे, असे आठव्या वर्षी कळले. यातून तिला कोणते नागरी मूल्य मिळाले, हे मला कोणी सांगावे.

खडूफळा

शेवंती, अंड्याविषयी आमच्याकडचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले, तेव्हा दोन पंगती वेगळ्या बसवाव्यात, अशी सूचना गावातून आली होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय निघाला. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला, ही कायद्यातील तरतूद आमच्या कामी आली, कारण ‘घरी एकाच चुलीवर दोन्ही होते, मग शाळेत दोन पंगती कशाला?’ हा प्रश्न एका आईनेच विचारला. पंगत एकच राहिली. ज्याला जे हवे, ते त्याने हात वर करून घ्यावे. पुढे राज्याने अंड्यांचा निधी थांबवला, पण पंगतीची पद्धत टिकली आहे.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो, मुले येथील सरकारी प्राथमिक शाळेत आहेत आणि रविवारी मी मराठी वर्गात शिकवतो. येथे नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारने शाळांसाठी मार्गदर्शिका काढली आणि लोकशाही, कायद्याचे राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, तसेच भिन्न श्रद्धा असणाऱ्यांविषयी परस्पर आदर व सहिष्णुता या मूल्यांचे संवर्धन करावे, असे सांगितले. त्यांना ‘ब्रिटिश मूल्ये’ असे नाव दिले गेले, त्यावर वादही झाला. परस्पर आदर ही ब्रिटनचीच मिरासदारी कशी, असे अनेक शिक्षकांनीच विचारले. शाळा तपासणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या संस्थेच्या निकषांत ही मूल्ये आल्याबरोबर अनेक शाळांच्या प्रवेशद्वाराजवळ फलक लागले. तेव्हा भिंतीवरच्या मूल्यांचा रोग केवळ महाराष्ट्राचा नाही, हे नमूद करतो.

फलकांपेक्षा मला वर्गातली एक साधी रीत महत्त्वाची वाटली. शेजारी कोण बसणार, हे शिक्षिका ठरवतात आणि ठराविक काळाने जोड्या बदलतात. प्रश्न विचारला की आधी शेजाऱ्याशी बोलायचे आणि मग वर्गाला ‘शेजाऱ्याने काय सांगितले’ ते सांगायचे. वर्षभरात प्रत्येक मूल बहुतेक सर्वांच्या शेजारी बसलेले असते. माझ्या रविवारच्या वर्गात हीच रीत आणली, तेव्हा पालकांकडूनच अडचण आली. ‘आमच्या मुलाला अमक्याच्याच शेजारी बसवा’ अशी विनंती येते, आणि तिच्यामागचे कारण कधी गावचे असते, कधी आडनावाचे. समुद्र ओलांडून आलेल्या काही वस्तूंना सीमाशुल्क लागत नाही.

पिंपळपार

जोड्या बदलण्याची रीत आपल्याकडेही आहे, हे येथे नोंदवतो. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे शासनाने तो राज्यभर नेला. त्यात व्याख्यानाला जवळजवळ स्थान नव्हते. जोडीत आणि गटात करायच्या कृती, आपले मत सांगण्याची आणि दुसऱ्याचे ऐकण्याची सवय, यांवर भर होता. ज्या शाळांत शिक्षकांनी ती पद्धत गणिताच्या आणि भाषेच्या तासालाही वापरली, तिथे ती मुरली. जिथे ती आठवड्यातील एका तासापुरती राहिली, तिथे पुस्तिका भरल्या गेल्या. माझ्या पाहण्यातील शाळांवरून मी हे लिहीत आहे, सरसकट विधान करत नाही.

‘घर बदलल्याशिवाय शाळेने काय करावे’ या मुळाकाठ यांच्या मुद्द्याला आपल्या इतिहासात उत्तर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. घरे तेव्हा बदललेली नव्हती; बदलण्याची वाट पाहिली असती, तर तो हुकूम अजून निघायचा असता. ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. या दोन्ही ठिकाणी उपदेशाआधी जागेचा प्रश्न सोडवला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

मुळाकाठ

शाहू महाराजांचे उदाहरण पटले. त्या काळी जे सत्तेने करता आले, ते आज दोन शिक्षकांच्या शाळेने करावे, ही अपेक्षा मात्र अजूनही जड वाटते. खडूफळा यांना दोन प्रश्न विचारतो. वर्गाचे नियम मुलांनी करावेत, असे हल्ली सर्वत्र सांगितले जाते. सहा-सात वर्षांची मुले खरोखर नियम करू शकतात का? आणि घराने उघडपणे विरोध केला, तर आपण काय करता?

खडूफळा

नियम करू शकतात, पण ते पाहून प्रथम धक्का बसतो. शनिवारच्या बालसभेत ‘वर्गात कोणी कोणाला चिडवू नये, यासाठी काय करावे?’ असे विचारले की पहिली सूचना उठाबशांची येते, दुसरी अंगठे धरून उभे करण्याची, आणि तिसरी त्याहून कडक असते. लहान मुले शिक्षेची बाजू मोठ्यांपेक्षा जोरात घेतात, हे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३० च्या दशकातच नोंदवले आहे. म्हणून मी मुलांना शिक्षा ठरवू देत नाही. ‘ज्याला चिडवले, त्याला बरे वाटण्यासाठी काय करता येईल?’ एवढाच प्रश्न ठेवतो. त्याची उत्तरे वेगळी येतात: त्याच्याबरोबर खेळायला घ्यायचे, त्याचे नाव नीट घ्यायचे, चिडवणाऱ्याने सर्वांसमोर सांगायचे की मी खोटे बोललो. नियम तीन-चारच ठेवतो आणि ते शिक्षकालाही लागू असतात. ‘दुसरा बोलत असताना मध्ये बोलू नये’ या नियमाखाली माझे नाव फळ्यावर लिहिले जाते, आणि ते लिहिताना पहिलीच्या मुलांना जो आनंद होतो, त्याचे वर्णन करणे कठीण आहे.

घराच्या विरोधाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले, आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकाच्या कामी दलितांना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. आमच्याकडे त्यानुसार एका ताईंची नेमणूक झाली, तेव्हा एका मुलाचे आजोबा शाळेत आले आणि नातू घरून डबा आणेल, म्हणाले. कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही, कारण ते दोघांनाही ठाऊक होते. डबा आणण्यास बंदी करणारा नियम माझ्याकडे नाही आणि असता तरी तो मी आठ वर्षांच्या मुलावर चालवला नसता. मी दोन अटी सांगितल्या. डबा सर्वांच्या पंगतीतच खायचा, आणि तक्त्यावर नाव येईल त्या आठवड्यात ताईंच्या हाताखाली वाढायचे. आजोबांनी बराच वेळ विचार करून होकार दिला; नातवाने वाढू नये, असे म्हणणे त्यांना स्वतःलाच अवघड गेले असावे. या गोष्टीला दीड वर्ष झाले. मुलगा अजूनही डबा आणतो. त्याची वाढण्याची पाळी आली की तो ताईंना कोणाला किती भात लागतो, हे सांगत पंगतभर फिरतो, आणि त्याबद्दल घरून आजवर तक्रार आलेली नाही.